चालते दफ्तर, एकबेरीज दफ्तर आणि एक जीबी

पुण्यात कौन्सिल हॉलजवळ जुन्या दगडी बांधणीची एक सरकारी इमारत आहे. पाटीवर पुराभिलेखागार असं भारदस्त नाव असलं तरी पुणेकर तिला 'पेशवे दफ्तर' म्हणूनच ओळखतात. आत उंच मांडण्यांवर ओळीने रुमाल ठेवलेले आहेत. हा रुमाल खिशातला नव्हे. चौकोनी कापडात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं म्हणजे रुमाल. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या काळात झालेल्या मोजदादीत असे ३४,९७२ रुमाल भरले. त्यातले २७,३३२ मराठी, ७,४८२ इंग्रजी, १२९ फारसी आणि २९ गुजराती. आज हा आकडा सुमारे ३९ हजार सांगितला जातो, आणि आतले सुटे कागद मोजायचे तर कोटींच्या घरात जावं लागतं. बहुतेक सगळे मोडी लिपीत.

आता दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहणाऱ्या एका संगणकवालीला या गाठोड्यांशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. माझा धंदा 'बिझनेस इंटेलिजन्स'चा, म्हणजे कंपन्यांच्या विक्रीच्या, मालाच्या, पगाराच्या कच्च्या नोंदींमधून साहेबांना कळेल असा अहवाल उभा करण्याचा. (इंटेलिजन्स हा शब्द ऐकून माझी आत्या बरीच वर्षं मी हेरखात्यात आहे असंच समजत होती.) हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळपास वापरला तो आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी, १९५८ साली, १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे तो बाजारात रुळला. या धंद्यात रोज एकच अडचण समोर येते: नोंदी फार आणि स्मृती थोडी. संगणकाच्या तबकडीवर वाटेल तेवढं साठवता येतं, पण हिशोब करायचा तर ते आधी 'मेमरी'त, म्हणजे कामाच्या मेजावर, आणावं लागतं. मेज लहानच असतं. मग मेजावर काय ठेवायचं, कोठीत काय टाकायचं आणि कशाची नुसती बेरीज जपायची, हे कुणीतरी ठरवतं. पेशव्यांच्या दफ्तराबद्दल वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न तिथे अडीचशे वर्षांपूर्वी पुरता सोडवलेला होता, तोही अगदी व्यवस्थित नावं देऊन.

पेशव्यांच्या मुख्य कचेरीला हुजूर दफ्तर म्हणत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिची घडी बसली, थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणिसांच्या काळात ती भरभराटीला आली. दोनशेच्या वर कारकून तिथे राबत. 'फडणीस' हा शब्दच मुळी 'फर्दनवीस', म्हणजे फर्द लिहिणारा, कागदावर नोंद करणारा. गावचा हिशोब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे, तिथून तो कमाविसदार किंवा मामलेदाराकडे आणि शेवटी पुण्याला. मामलेदारावर सगळा विश्वास टाकलेला नसे. त्याच्या कचेरीतले मुजुमदार, फडणीस, पोतनीस वगैरे दरकदार त्याच्या मर्जीने नेमलेले किंवा काढलेले नसत, त्यामुळे हिशोबात हात मारायचा तर बऱ्याच जणांना सामील करावं लागे. आजच्या भाषेत, माहिती उगमापाशीच तपासून घ्यायची सोय.

या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. पहिला 'चालते दफ्तर'. चालू हिशोब, चालू हुकूम, सनदा, येणारेजाणारे कागद यांचं काम इथे. त्यातच फड, बेहेडा, सरंजाम अशी खाती. फडावर हुकूम निघत आणि हिशोब येत. बेहेड्यात त्या हिशोबांवरून पुढच्या सालाचा जमाखर्चाचा अंदाज बांधत. दुसरा भाग 'एकबेरीज दफ्तर'. रोजच्या कामाला न लागणारे कागद इथे येत आणि ते कायम पुण्यातच राहत. पण ही काही अडगळीची खोली नव्हती. आलेल्या हिशोबांची वर्गवारी करून त्यांचे वार्षिक 'तर्जुमे' म्हणजे जमा, खर्च, बाकी यांचे गोषवारे, आणि खर्चाच्या बाबवार खतावण्या तयार करणं हेच तिथलं मुख्य काम होतं.

ज्यांच्या घरी दुकान होतं किंवा ज्यांनी कॉमर्स केलं आहे त्यांना रोजकीर्द आणि खतावणी सांगायला नको. रोजकीर्द म्हणजे घडेल तशी नोंद, एकाखाली एक. खतावणी म्हणजे त्याच नोंदी खात्यांनुसार पुन्हा मांडलेल्या. तर्जुमा म्हणजे त्यांचा अर्क. नानांनी साताऱ्याकडच्या खर्चाबद्दल विचारलं तर कारकुनाने काही बारा महिन्यांच्या रोजकीर्दी पालथ्या घालायच्या नाहीत. खतावणीचं पान उघडायचं. आम्ही आज ज्याला मोठमोठी नावं देऊन बिलं लावतो ते हेच आहे. मला तर 'एकबेरीज' हा शब्दच इतका आवडला की माझ्या एका मॉडेलमधल्या गोषवाऱ्याच्या तक्त्याला मी तेच नाव दिलं. केरळच्या सहकाऱ्याला अर्थ सांगितल्यावर त्यालाही पटलं.

आता जरा संगणकाकडे वळू. पहिलं लोकप्रिय स्प्रेडशीट म्हणजे १९७९ सालचं व्हिजिकॅल्क, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं. त्यात २५४ ओळी आणि ६३ रकाने. मध्यम आकाराच्या किराणा दुकानाचा एक दिवसही त्यात मावला नसता. एक्सेलमध्ये १९९५ पर्यंत १६,३८४ ओळी होत्या, १९९७ च्या आवृत्तीत ६५,५३६ झाल्या आणि २००७ मध्ये १०,४८,५७६. हे आकडे विचित्र वाटतात, पण बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट आठवा. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट. सतराव्या घरात ६५,५३६ दाणे येतात आणि एकविसाव्यात १०,४८,५७६. ओळीचा क्रमांक लिहायला सोळा बिट जागा ठेवली तर पहिली मर्यादा पडते, वीस ठेवली तर दुसरी. म्हणजे ही काही निसर्गाची मर्यादा नाही. त्या वेळच्या महागड्या मेमरीकडे पाहून कुणीतरी आखलेली रेघ आहे. सालाचे चार आकडे लिहिण्याऐवजी दोनच लिहिण्याची काटकसर याच जातीची. तिचं पुढे 'वायटूके' झालं आणि ते निस्तरायला पुण्या-मुंबईहून विमानं भरभरून माणसं गेली. आपल्या मंडळांच्या सभासदयाद्यांमधली कितीतरी ज्येष्ठ नावं त्या दोन आकड्यांच्या कृपेने परदेशी आली!

पण या रेघा नेहमीच इतक्या कृपाळू नसतात. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये करोनाचे बाधित रुग्ण मोजताना २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले. कारण काय, तर प्रयोगशाळांकडून येणाऱ्या याद्या 'पब्लिक हेल्थ इंग्लंड'मध्ये एक्सेलच्या जुन्या 'एक्सएलएस' साच्यात ओतल्या जात होत्या. त्या साच्याला ६५,५३६ ओळींची मर्यादा. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी, त्यामुळे एका फाइलमध्ये जेमतेम चौदाशे रुग्ण मावत. वरचे आले ते गळून पडले. ज्यांची चाचणी झाली होती त्यांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर फोन गेले नाहीत. १९९७ साली आखलेली रेघ तेवीस वर्षांनी माणसांच्या आरोग्यावर येऊन आदळली. मला यातली सर्वांत भयानक गोष्ट वाटते ती म्हणजे शांतता. भरलेल्या रुमालात आणखी कागद कोंबले तर निदान गाठ सुटते, कापड फाटतं, कारकून ओरडतो. इथे काहीच झालं नाही.

ओळींची मर्यादा ही एक, मेमरीची दुसरी. मी २००० च्या दशकात मास्टर्स करून कामाला लागले तेव्हा बहुतेक यंत्रं ३२ बिटांची होती. त्यांना ४ जीबीच्या पलीकडचा पत्ताच लिहिता येत नसे, आणि विंडोज त्यातले साधारण दोनच एका प्रोग्रॅमच्या वाट्याला देई. यावर तेव्हाचा मोठा उपाय म्हणजे 'क्यूब'. १९९३ साली ई. एफ. कॉड यांनी या पद्धतीला 'ओलॅप' हे नाव दिलं. रात्री सगळ्या बेरजा आधीच करून ठेवायच्या. सकाळी साहेबांनी विचारलं की तयार उत्तर द्यायचं. म्हणजे एकबेरीज दफ्तरच. पण बेरजाही काही कमी नसतात. ५० दुकानं, ३६५ दिवस आणि २० हजार वस्तू घेतल्या तर ३६ कोटी ५० लाख खाने होतात. आणि ज्या प्रश्नाची बेरीज आधी केलेली नाही तो प्रश्न कुणी विचारलाच, तर 'उद्या सांगतो' म्हणायचं.

मग मेमरी स्वस्त झाली, ६४ बिटांची यंत्रं आली आणि लोक म्हणू लागले की सगळंच मेजावर आणू या. स्वीडनच्या क्लिकव्ह्यूने हा मार्ग आधीच धरला होता; पुढे सॅपचं हाना आलं, एक्सेल २०१० बरोबर पॉवरपिव्हट आलं, आणि त्याच्या पोटातलं यंत्र घेऊन २०१५ साली पॉवर बीआय. पण मेज मोठं होण्याइतकंच महत्त्वाचं होतं ते कागद लहान करण्याचं तंत्र, आणि तेही आपल्या कारकुनांना ठाऊक होतं.

मराठी संशोधनग्रंथांच्या तळटीपांमध्ये 'कित्ता' हा शब्द पाहिला असेल. म्हणजे वरच्याप्रमाणेच. पुन्हा अख्खं नाव लिहायचं नाही. आजचं सॉफ्टवेअर एकेक रकाना उभा धरतं, सारख्या नोंदी एकत्र आणतं आणि 'दुबई, दुबई, दुबई' असं हजारदा लिहिण्याऐवजी 'दुबई, कित्ता हजार' लिहितं. दुसरी युक्ती संकेताची. मोडी पत्रांत चंद्र म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख सांगायला नुसता 'छ' पुरतो. इंटरनॅशनल सिटीतल्या वाचकांना तर हे समजवायलाच नको. आमच्याकडे चीन, फ्रान्स, पर्शिया, इंग्लंड अशा देशांच्या नावांचे क्लस्टर, आणि इमारतीचं नाव म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा. डब्बेवाला असो वा ड्रॅगन मार्टमधून सोफा आणणारा, त्याच्या डोक्यात यादी पक्की असते. पाकिटावर दोन-तीन चिन्हं पुरतात. सॉफ्टवेअरही तसंच करतं. प्रत्येक निराळं नाव एकदाच यादीत, बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक.

यातून एक गोष्ट निघते जी माझ्या ग्राहकांना पटवताना माझा घसा बसतो. किती ओळी आहेत याने मेमरी फारशी भरत नाही. किती *निराळ्या* नोंदी आहेत याने भरते. दुबईतल्या एका किराणा साखळीचं मॉडेल मर्यादेबाहेर जात होतं. पाहिलं तर बिलाची तारीख आणि वेळ एकाच रकान्यात, सेकंदापर्यंत. वर्षात सेकंद ३ कोटी १५ लाख ३६ हजार. जवळजवळ प्रत्येक नोंद निराळी, मग 'कित्ता' लिहिणार कुठे? तारीख वेगळी काढली, ३६५ निराळ्या नोंदी. वेळ वेगळी, जास्तीत जास्त ८६,४००. फाइल एकदम खाली बसली. एकही ओळ न गाळता.

तारखेवरून आठवलं. पेशवे दफ्तरातली सालं बरेचदा शुहूर सनाची आणि अरबी शब्दांत असतात: 'सीत सितैन मया व अलफ'. सहा, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६६, इसवी सन १७६५-६६. इथल्या शाळेत अरबी सक्तीची असल्यामुळे आपली मुलं खमसा, सित्ता, सबा, तिसा सहज म्हणतात. पुण्यातल्या मोडी शिकणाऱ्याला जे पाठ करायला आठवडा लागतो ते आपल्या सहावीतल्या पोरांना फुकट मिळालं आहे. मात्र साल असं शब्दांत आणि उलट्या क्रमाने लिहिलेलं असल्यावर संगणकाला ते क्रमाने लावता येत नाही. आधी आकड्यात आणावं लागतं.

तर आता पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात एका मॉडेलला १ जीबीची मर्यादा आहे. मोठ्या क्षमतेचं भाडं भरलं तर ती वाढत जाऊन ४०० जीबीपर्यंत पोचते. त्यातही एक मेख आहे. मॉडेल पूर्ण ताजं करताना नवं तयार होईपर्यंत जुनं सोडता येत नाही, नाहीतर मधल्या वेळात अहवाल कोरे दिसतील. म्हणून त्या घटकेला जवळपास दुप्पट मेमरी लागते. नवी वही पुरी उतरून होईपर्यंत जुनी फाडत नाहीत, तसंच.

मर्यादा जवळ आली की ग्राहक हमखास एक सूचना करतात: तीन वर्षांपूर्वीच्या नोंदी पुसून टाका, महिन्याच्या बेरजा ठेवा. मेजावरून हलवायला माझी ना नाही. पुसायला आहे. नोंदींवरून बेरीज केव्हाही काढता येते, बेरजेवरून नोंदी काढता येत नाहीत. एकबेरीज दफ्तराने तर्जुमे केले, पण मूळ कागद बांधून ठेवले. ते ठेवले म्हणून पुढे काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे, आणि सगळंच चांगलं झालं असं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दफ्तर एल्फिन्स्टनच्या ताब्यात आलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात व्यवस्था ढासळलेली होती, तरी आधीच्या काळाचे हिशोब शाबूत होते. कंपनी सरकारला हे कागद कशाला हवे होते? इतिहासाच्या प्रेमापोटी नक्कीच नाही. कोणाची जमीन करमुक्त, कोणाची सनद खरी, कोणाची खोटी, हे ठरवायला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दफ्तरातल्या नोंदींशी पडताळून हजारो इनामं खालसा झाली. ज्याच्या घरची सनद वाळवीने खाल्ली आणि दफ्तरातही नोंद सापडली नाही, त्याने काय करायचं? पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट एका न सापडलेल्या ओळीवर संपली. दक्षिण महाराष्ट्रातल्या १८५७ च्या सुमाराच्या असंतोषाचं हे एक मोठं कारण मानतात. या कचेरीचं इंग्रजी नावच पुढे 'एलिएनेशन ऑफिस' पडलं. मला विचाराल तर हिंदुस्थानातला 'बिझनेस इंटेलिजन्स'चा हा पहिल्या काही मोठ्या प्रयोगांपैकी एक. प्रश्न मालकाचा, उत्तर मालकाच्या सोयीचं.

इतिहासकारांना मात्र दार बंद. जुने कागद बाहेर गेले तर नवे दावे उभे राहतील ही भीती. न्यायमूर्ती रानड्यांनी या साधनांचं मोल ओळखलं, रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी उतरून घेतलेल्या रोजनिशांचे खंड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले. राजवाड्यांनी तर सरकारी दाराशी थांबण्याऐवजी गावोगावच्या वाड्यांतली दप्तरं धुंडाळली. अखेर १९२९ मध्ये, जदुनाथ सरकारांच्या आग्रहाने, सरदेसाईंकडे निवडीचं काम आलं. बडोद्याची नोकरी आटपून निवृत्त झालेले रियासतकार तेव्हा साठी ओलांडलेले होते. मोजके मदतनीस घेऊन त्यांनी सत्तावीस हजारांवर मराठी रुमाल चाळले आणि १९३४ पर्यंत ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यात छापले गेलेले कागद साडेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे हजारात एकही नाही.

यात त्यांना दोष देण्याचा विचारही मनात येत नाही. पाच वर्षांत एवढं काम करणारा माणूस आज दाखवा. पण त्यांची निवड ही राजकारणाची, मोहिमांची, पत्रव्यवहाराची. पानिपत, निजाम, इंग्रज. जे मेजावर आलं त्यावर तीन पिढ्यांनी इतिहास वाचला आणि लिहिला. सुताराला किती बलुतं मिळे, कुठल्या गावाला दुष्काळात सूट दिली, वेठीला कोण धरलं गेलं, हे कागद कोठीतच राहिले. पुढे जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी मोडी आणि मराठी साधनांत शिरून अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांवर आणि बलुतेदारांवर लिहिलं, तेव्हा तो प्रश्न त्या साधनांना नव्यानेच विचारला जात होता. नानांनी तो विचारला नव्हता, कमिशनने विचारला नव्हता. नोंदी होत्या म्हणून उत्तर मिळालं.

सहज गंमत म्हणून एक गणित केलं. चार कोटी कागद धरा, प्रत्येकाचं छायाचित्र एक एमबी. झाले ४० टेराबाइट. आज दोन-तीन मोठ्या तबकड्यांवर बसतील, एका बॅगेत मावतील. तोच मजकूर अक्षरांत उतरवला आणि कागदामागे दोन केबी धरले तर अवघे ८० जीबी. माझ्या प्रो परवान्यात नाही, पण मोठ्या क्षमतेत आरामात. संपूर्ण पेशवाई एका वेळी मेजावर! अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. छायाचित्रातलं मोडी वाचून अक्षरांत कोण उतरवणार? एका माणसाने दिवसाला वीस कागद वाचले आणि वर्षातले तीनशे दिवस काम केलं तर वर्षाला सहा हजार. चार कोटींना साडेसहा हजारांहून अधिक माणूस-वर्षं. संगणकाला मोडी शिकवायची तरी आधी माणसांनी वाचलेले हजारो नमुने लागतात, आणि मोडी सराईतपणे वाचणारे आता थोडे उरले आहेत.

पुण्यात आणि मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, काही ऑनलाइनही असतात. आपल्याकडचा शनिवार मोकळा असतो. मुलांना सोबत बसवा. सालाच्या ओळीपाशी तुम्ही अडलात की ती सांगतील.